साळुंक्या मोजणाऱ्यांना हसू नका

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

पक्षीगणनेला गेले होते. आमच्या गटात एक काकू होत्या, पहिल्यांदाच आलेल्या. हातात दोनशेपानी वही, गळ्यात कोणाकडून तरी मागून आणलेली दुर्बीण. गवतात चरणाऱ्या साळुंक्या मोजत होत्या बिचाऱ्या. तेवढ्यात भलीमोठी लेन्स खांद्यावर टाकलेले एक गृहस्थ म्हणाले, "काकू, साळुंक्या काय मोजताय? त्या तर ढिगाने असतात. काही वेगळं दिसलं तर हाक मारा." चार जण हसले. काकूंनी वही मिटली.

तिथे गप्प बसले, मोजणी चालू होती. इथे कशाला बसू?

अहो, ही गणना आहे. तुम्हाला लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसणारा पक्षी, हवाय? खुशाल शोधा, पण मग गणनेला आलो म्हणून मिरवू नका. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर, यादी भरताना एक प्रश्न विचारतात: ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? त्याला "हो" म्हणायचं तर कावळा, पारवा, साळुंकी, सगळे आले. न ओळखलेला सुटला तर चालतं, ओळखीचा मुद्दाम गाळलेला चालत नाही. कारण मग यादीत साळुंकी नसली तर ती नव्हतीच, की साहेबांना लिहायचा कंटाळा आला, हे कळणार कसं?

आणि "ढिगाने असतात" हे वाक्य तर ऐकवत नाही. गिधाडंही ढिगानेच होती. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पक्षी-अभ्यासक विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात ती मोजून ठेवली होती, म्हणून नव्वदच्या दशकात पुन्हा मोजल्यावर घसरण आकड्यांत दाखवता आली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधापर्यंत (ते दिलेली गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडं मरत होती) माग लागायला २००४ उजाडलं, जनावरांसाठी त्यावर बंदी आली २००६ मध्ये. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरात एकही उरली नव्हती. ढिगाने होती तेव्हा कोणी मोजलीच नसती तर? अमेरिकेतल्या प्रवासी कबुतरांच्या थव्यांनी म्हणे आभाळ झाकोळायचं. त्यातली शेवटची मादी १९१४ मध्ये प्राणीसंग्रहालयाच्या पिंजऱ्यात मेली.

असो. काकूंचं सांगते. वही मिटण्याआधी मी त्यांच्या शेजारीच उभी होते. थवा भुर्रकन उडाला आणि पलीकडे जाऊन बसला. काकूंनी आधी १४ लिहिले होते. थांबल्या, सगळ्या नीट बसू दिल्या, पुन्हा मोजल्या आणि १४ खोडून ११ केले. "तीन दोनदा धरल्या गं मी," एवढंच पुटपुटल्या. ब्रिटनमध्ये १९७९ पासून लोक बागेत तासभर बसून पक्षी मोजतात, त्यांचा नियमही हाच: एका वेळी एकत्र दिसलेले जास्तीत जास्त तेवढेच लिहायचे, बेरीज करत सुटायचं नाही. काकूंना हे कोणी शिकवलं नव्हतं. खरं सांगते, आकडा कमी करताना इतकं प्रामाणिक मी फार कोणाला पाहिलेलं नाही. आपल्याकडे सगळ्यांचा कल फुगवण्याकडे!

हो, हौशी लोकांच्या नोंदींत चुका होतात. मान्य. नुसतं मोजून एकही पक्षी वाचत नाही, हेही मान्य.

पण उद्या एखादा तलाव बुजवायचा ठरला की "इथे पक्षी होतेच कुठे" म्हणणारे बरोबर उगवतात. त्यांच्यापुढे तुमचा तो एकुलता एक झकास फोटो ठेवून काय उपयोग? एक पाहुणा आला, गेला, म्हणतील. तिथे वर्षानुवर्षांच्या कंटाळवाण्या याद्या लागतात. तारीख, वेळ, किती मिनिटं, किती टिटव्या, किती बगळे. त्या याद्या काकूंसारखी माणसं भरतात, आणि त्यांनाच तुम्ही हसता? पुन्हा आल्या नाहीत तर तुम्ही येणार आहात का दर महिन्याला त्याच जागी कावळे मोजायला?

फेब्रुवारीत जगभर चार दिवस गणना असते, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. निदान पंधरा मिनिटं एका जागी थांबायचं, दिसेल ते लिहायचं. ज्यांना यायचंय त्यांनी खाली सांगा, मी गट करतेय. दुर्बीण नसली तरी चालेल, चारच पक्षी ओळखता येत असले तरी चालेल. लेन्सवाल्यांनीही या. फक्त सोबत पेन आणा.