लोटे रायनिगरला नुसतं कात्रीकामात गुंडाळू नका

ॲनिमेशनच्या वर्गात पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून अजूनही डिस्नेचा १९३७ चा 'स्नो व्हाइट' सांगतात. त्याच्या अकरा वर्षं आधी, १९२६ मध्ये, बर्लिनच्या लोटे रायनिगरचा 'प्रिन्स अखमेद' प्रदर्शित झाला होता; कापून केलेल्या काळ्या बाहुल्यांच्या छायाकृती हलवून बनवलेला. लांबी सुमारे ६५ मिनिटं. (अर्जेंटिनात १९१७ साली क्रिस्तियानी नावाच्या दिग्दर्शकाने असा एक केला होता, पण त्याची प्रत उरलेली नाही.) आज बघता येणारा हाच सगळ्यात जुना.

आणि तिचं नाव घेतलंच तर काय म्हणतात? 'किती नाजूक कात्रीकाम!' मला याचाच राग येतो. कात्रीत ती पटाईत होतीच; उजव्या हातातली कात्री स्थिर ठेवून डाव्या हाताने कागद फिरवायची. पण खरी करामत त्यानंतरची आहे.

बाहुली काळा पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा यांची. शिशाच्या वजनाने ती काचेवर सपाट बसते, दिव्याच्या उष्णतेने कडा वर येत नाहीत. कडा उचलली की बाह्याकृती धूसर होते आणि छायाकृतींच्या चित्रपटात सगळा खेळ बाह्याकृतीचाच असतो. डोकं, मान, धड, दंड, हात असे सुटे भाग तारेने जोडायचे. सांधा सैल राहिला तर एक भाग हलवताना शेजारचाही सरकतो. फार घट्ट असला तर बाहुली झटक्याने वळते. जवळच्या दृश्यासाठी डोकं वेगळं, मोठं कापायचं. टेबलावर काच, खालून प्रकाश, वर खाली बघणारा कॅमेरा. बाहुली किंचित हलवा, एक फ्रेम घ्या, पुन्हा हलवा. चालताना टेकलेलं पाऊल जागचं हललं तर पात्र बर्फावरून घसरल्यासारखं दिसतं, म्हणून पाऊल धरून धड पुढे न्यायचं.

काचांचे थर एकावर एक ठेवून दृश्यात जवळ-लांब असल्याचा आभास दिला तो पॉट्सडॅममध्ये, बँकर लुई हागेन यांच्या गॅरेजवरच्या माळ्यात. १९२३ ते १९२६, तीन वर्षं. कॅमेरा नवरा कार्ल कॉख यांचा, जादूच्या दृश्यांत वॉल्टर रुटमान आणि बेर्टहोल्ड बार्टोश यांचा मोठा वाटा. तो लपवायचं कारण नाही. पण पात्रं, त्यांची चाल आणि दिग्दर्शन तिचं होतं. डिस्नेचा मल्टिप्लेन कॅमेरा (तोही असेच थर वापरणारा) शिकवताना त्याआधी या माळ्यातलं टेबल शिकवा.

मूळ निगेटिव्ह टिकली नाही. लंडनमधल्या जुन्या प्रतीवरून चित्रपट दुरुस्त झाला. मुलांना दाखवताना रंगछटा असलेली हीच प्रत लावा, पूर्ण काळी-पांढरी नको. दृश्यागणिक बदलणारा रंग तिच्या रचनेचाच भाग आहे.