राउटर राहू द्या, आधी बोटं चालवा

टेक सपोर्टमध्ये नोकरी शोधताय? छान. मग सगळ्यात आधी ते नेटवर्किंगचं जाडजूड पुस्तक मिटा आणि रद्दीत घाला. डीएनएस, डीएचसीपी, ॲक्टिव्ह डिरेक्टरी असलं जे काही रात्र रात्र जागून शिकलात, ते विसरलात तरी चालेल. प्रिंटरचा स्पूलर (छपाईची कामं रांगेत लावणारा प्रोग्राम) अडकला तर काय करायचं, हे तुम्हाला कुणीही विचारणार नाही. विचारतील ते एवढंच: मिनिटाला किती शब्द?

गेल्या आठवड्यात पुण्यात खराडीच्या एका चकचकीत आयटी इमारतीतून मी हे ज्ञान घेऊन परतले. ज्ञान दिल्यानं वाढतं म्हणतात, म्हणून वाटून टाकतेय.

वॉक-इनला, म्हणजे थेट जाऊन द्यायच्या मुलाखतीला, निघताना रेझ्युमेच्या दोन प्रती, आधारची झेरॉक्स आणि पाण्याची बाटली घ्या. बाटली गेटवर काढून घेतील, पण घ्या.

साडेनऊला बोलावलं असेल तर साडेनऊलाच पोचा. टेस्ट साडेबाराला असते.

शासनाचं जीसीसी-टीबीसीचं, म्हणजे कॉम्प्युटर टायपिंगचं, ४० शब्दांचं सर्टिफिकेट असेल तर ते घरीच ठेवा. राज्य परीक्षा परिषदेनं घेतलेली परीक्षा लिपिक-टंकलेखकाच्या भरतीला चालते, खराडीला चालत नाही. इथे तुमची बोटं दरवेळी नव्यानं तपासली जातात. मागच्या कंपनीत ती वापरली होती की नाही, कुणास ठाऊक!

सराव मात्र सोडू नका. मंकीटाइप या टायपिंगच्या वेबसाइटवर रोज बसा. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठानं २०१८ साली १ लाख ६८ हजार लोकांच्या टायपिंगचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सरासरी वेग मिनिटाला ५२ शब्दांच्या आसपास निघाला. हे आपल्यातच राहू द्या. एचआरच्या कानावर गेलं तर उद्या कटऑफ ५२ होईल. सध्या तो कुठे ३०, कुठे ३५, कुठे ४० आहे. तो कुणी ठरवला, असं विचारू नका. वाईट दिसतं.

शब्द म्हणजे नेमकं काय, हेही समजून घ्या. तुम्हाला वाटेल, शब्द म्हणजे शब्द. तसं नाही. टायपिंगच्या हिशेबात पाच कळा दाबल्या की एक शब्द, त्यात स्पेससुद्धा धरायची. म्हणजे चिडलेल्या कस्टमरला तुम्ही नुसतं ‘ओके’ लिहिलंत, तर इंग्रजीत दोन अक्षरं आणि एक स्पेस मिळून धड एक शब्दही भरत नाही. तेव्हा लांबलचक लिहा. कस्टमरला वाचायला आवडतंच.

आता कीबोर्ड. इथे जरा थांबू या.

मला दिलेल्या कीबोर्डचा स्पेसबार उजव्या टोकाला खाली बसलेला होता. माझा अंगठा नेमका तिथेच पडतो, बहुतेकांचा तिथेच पडतो. दाबला की कधी स्पेस पडायची, कधी नाही. उतारा होता डॉल्फिनवर. टेक सपोर्टच्या नोकरीला डॉल्फिन एकमेकांशी कसे बोलतात हे का टाइप करायचं, ते मी विचारलं नाही, कारण मी शहाणी मुलगी आहे. वेळ एक मिनिट. बॅकस्पेस बंद. म्हणजे एक स्पेस हुकली की दोन शब्द चिकटतात, आणि तुलना करणारं ते सॉफ्टवेअर इतकं हुशार की तिथून पुढचा प्रत्येक शब्द एक घर सरकलेला धरतं आणि सगळ्यांवर लाल रेघ ओढतं. तुम्ही पुढे कितीही अचूक टाइप करा, तुमचे डॉल्फिन बुडालेच. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणाल. पण अंगण खरंच वाकडं होतं हो!

मी हात वर केला. समन्वयक मुलगा आला. स्पेसबार अडकतोय म्हटलं. तो म्हणाला, ‘मॅम, सबको सेम कीबोर्ड है.’ मी म्हटलं, शेजारच्या रिकाम्या मशीनचा काढून इथे लावते, यूएसबीच आहे. ‘नो नो मॅम, हार्डवेअर को टच मत कीजिये.’ मग हा बदलणार कोण? ‘आयटी को टिकट डाला हुआ है.’

टेक सपोर्ट विकणाऱ्या कंपनीत, टेक सपोर्टच्या उमेदवारांसमोर, बिघडलेल्या कीबोर्डच्या तक्रारीचं तिकीट टेक सपोर्टकडे पडून होतं. आणि नापास मी.

बरं, सरकारी कारभाराला आपण सगळेच हसतो. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या बारावी पातळीच्या परीक्षेत लिपिकाला इंग्रजीत मिनिटाला ३५ शब्द लागतात, म्हणजे ताशी १०,५०० कळा. पण ते नियम छापून देतात आणि टायपिंगला १० मिनिटं देतात. पहिल्या मिनिटात घाम आला तरी पुढच्या नऊ मिनिटांत माणूस सावरतो. खराडीला साठ सेकंद. त्यातले पहिले पाच खुर्ची पुढे ओढण्यात जातात.

आत गेल्यावर या वेगाचं करायचं काय, तेही सांगते. चॅट प्रोसेसला, म्हणजे कस्टमरशी लिहून बोलायच्या कामाला, गेलात तर ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य तुम्ही कधीच टाइप करणार नाही. ते तयार असतं. एक शॉर्टकट दाबला की पडतं. ‘आपण आमचे मोलाचे ग्राहक आहात’, दुसरा शॉर्टकट. व्हॉइस प्रोसेसला, म्हणजे फोनवर, गेलात तर टाइप करायच्या फक्त तिकिटाच्या नोंदी, आणि त्या वाचत कोण नाही, म्हणून तर कस्टमरला तीच कहाणी प्रत्येक एजंटला पहिल्यापासून ऐकवावी लागते.

खरं काम वेगळंच असतं. फोनवर एक आजोबा सांगतात, नेट चालत नाही. त्यांना राउटर आणि फायबरचा डबा यातला फरक माहीत नसतो. न चिडता त्यांना विचारायचं असतं, काका, डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल झालाय का? झाला असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये, मग राउटर दहा वेळा बंद-चालू करायला लावून त्यांचा आणि आपला वेळ घालवायचा नसतो, थेट लाइनमन पाठवायचा असतो. दिवा ठीक असेल आणि कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर त्याला डीएचसीपीकडून, म्हणजे असे पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेकडून, पत्ता मिळालेला नाही. हे कळायला मिनिटाला किती शब्द लागतात?

१९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. एकेका मशीनला सेफ मोडमध्ये नेऊन एक फाइल काढायची, आणि डिस्क बिटलॉकरनं, म्हणजे विंडोजच्या कुलपानं, बंद असेल तर आधी ४८ आकड्यांची रिकव्हरी की घालायची. एक आकडा चुकला तर कुलूप उघडत नाही. तिथे सावकाश, सहा-सहाच्या गटानं आकडे वाचून दाखवणारा आणि पलीकडच्या घाबरलेल्या माणसाला धीर देणारा माणूस लागत होता. हैदराबादच्या विमानतळावर तर बोर्डिंग पास पेनानं लिहिले. लिहिणाऱ्याचा वेग कुणी मोजला नाही.

पण ते असो. तुम्ही डॉल्फिनचा सराव करा.

माझ्या शेजारी औशाचा एक मुलगा बसला होता. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम केलेला. सकाळी गेटवर व्हिजिटर पास छापणारा प्रिंटर अडकला, रांग थांबली, सिक्युरिटीवाला त्याला थापट्या मारत होता. या मुलानं विचारून झाकण उघडलं, तिरका गेलेला स्टिकरचा रोल काढून सरळ बसवला, झाकण दाबलं. पास छापायला लागले. टेस्टमध्ये त्याचे २२ शब्द भरले. सगळं टायपिंग फोनवर अंगठ्यांनी केलेलं, दुसरं काय होणार? प्रिंटर त्यानं दुरुस्त केला आणि त्याच प्रिंटरनं छापलेला पास गळ्यात घालून तो नापास झाला.

आता मला हसून बोलता येत नाहीये.

अहो, तुम्हाला माणूस पारखायचा कंटाळा आहे, एवढं सरळ म्हणा ना. शंभर माणसं येतात, जागा पाच असतात, आणि चाळणी लावणाऱ्याला स्वतःला डीएचसीपी म्हणजे काय ते माहीत नसतं. मग जे मोजता येतं ते मोजायचं. आकडा आला की विचार करावा लागत नाही आणि पुढे कुणी जाबही विचारत नाही. चॅटला वेग लागतो, कबूल. मग खरं चॅट द्या. पाच मिनिटं तुम्ही कस्टमर बना, भांडा, अर्धवट माहिती द्या, आणि बघा समोरचा काय विचारतो, काय लिहितो. वेगही कळेल, अक्कलही कळेल. पण त्यासाठी तुमच्यातल्या कुणाला तरी पाच मिनिटं बसावं लागेल, आणि तिथेच तुमचं घोडं अडतं. फोन करणारा कस्टमर तासभर ताटकळतो, ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ ऐकत राहतो, तो याच भरतीमुळे. वेगात टाइप करणारी आणि काहीच न कळणारी माणसं तुम्ही स्वतः वेचून घेतलेली आहेत.

कटऑफ जाहिरातीत छापा. गावाकडची पोरं रात्रीच्या एसटीनं पदरचे पैसे घालून येतात, त्यांना तो आकडा आधी कळला तर ती तिकीट काढण्याआधी ठरवतील. एक मिनिटाऐवजी पाच द्या. आणि नाकारायचंच असेल तर टेस्ट संपल्या संपल्या तोंडावर सांगा. ‘वी विल गेट बॅक टू यू’ म्हणून चार वाजेपर्यंत लॉबीत बसवून ठेवू नका. तुमच्या कँटीनमध्ये बाहेरच्याला विकतचा चहासुद्धा मिळत नाही.