घड्याळवाल्याला चौदा वर्षं, विचारणाऱ्यालाही चौदा

गिरणीच्या कट्ट्यावर परवा विषय निघाला तो लाच घेताना पकडलेल्या एका कर्मचाऱ्याच्या बातमीवरून. आप्पांनी पेपरची घडी घातली आणि शेठ म्हणाला, "आठ दिवसांत जामीन, वर्षभरात परत खुर्चीवर. चीनमध्ये असता तर गोळीच घातली असती."

हे वाक्य कट्ट्यावर नवं नाही, पण शेठ ऐकीव बोलत नाही. बिजागऱ्या, कड्या, कुलपं आणायला तो पाच-सहा वेळा यिवूला, चीनमधल्या घाऊक बाजाराच्या शहराला, जाऊन आलाय. शी जिनपिंग २०१२ च्या अखेरीस कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख झाले आणि दोनेक महिन्यांतच 'वाघही मारू, माश्याही मारू' म्हणाले, म्हणजे बडे आणि छोटे दोन्ही भ्रष्ट अधिकारी, हे त्याला पाठ आहे. "आणि मारले! देशभरचे पोलीस ज्याच्या हाताखाली होते त्या झोऊ योंगकांगला २०१५ मध्ये जन्मठेप. हुआरोंग या सरकारी वित्त कंपनीचा अध्यक्ष लाय शियाओमिन, त्याने १७८ कोटी युआनहून जास्त खाल्ले. बीजिंगच्या फ्लॅटमध्ये वीस कोटी युआनच्या वर रोकड. त्या फ्लॅटला तो 'सुपरमार्केट' म्हणायचा. २०२१ च्या जानेवारीत मृत्युदंड, अंमलबजावणीसकट. आपल्याकडे एक नाव सांगा असं."

आम्हाला सांगता आलं नाही.

मी चीनच्याच कोळसा खात्यातल्या एका उपप्रमुखाची आठवण काढली. २०१४ मध्ये त्याच्या घरी सापडलेल्या नोटा मोजायला बँकेतून सोळा मशिनं आणली, त्यातली चार मोजता मोजता जळाली. ही बातमी तिथल्याच पत्रकारांनी दिली होती. आप्पांनी कोषागारात चौतीस वर्षं काढलीत. ते म्हणाले, "चार मशिनं जळेपर्यंत नोटा साठल्या, तोवर कुणी एक प्रश्न विचारला नाही?"

माझं सगळं म्हणणं आप्पांच्या त्या प्रश्नात होतं. मग मी शेठला यांग दात्साईची गोष्ट सांगितली.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये शान्शी प्रांतात यानआनजवळ झोपायची बस मिथेनॉलच्या टँकरवर आदळून पेटली. छत्तीस माणसं जळून गेली. यांग हा कामाच्या ठिकाणची सुरक्षा बघणाऱ्या खात्याचा प्रांतिक अधिकारी. तो पाहणीला गेला, आणि फोटोत मागे काळा पडलेला सांगाडा, पुढे हा हसतोय. लोक चिडले. मग कुणीतरी त्याचे जुने फोटो काढले आणि मनगटाकडे बघायला लागलं. प्रत्येक कार्यक्रमात वेगळं घड्याळ, सगळी महागडी. लोकांनी एकेक घड्याळ ओळखून किमती मांडल्या. हुबेईतल्या एका कॉलेजच्या पोराने तर रीतसर अर्ज केला, या माणसाचा पगार जाहीर करा. चीनमध्येही २००८ पासून माहिती देण्याचे नियम आहेत. उत्तर आलं, हे नियमात बसत नाही.

यांगची नोकरी गेली. २०१३ मध्ये चौदा वर्षांची शिक्षा झाली. शेठ म्हणाला, "मग? झाली ना शिक्षा!"

झाली. पण घड्याळ बघितलं कुणी? रस्त्यावरच्या माणसाने. आता अशा विचारणाऱ्या माणसाचं तिथे काय होतं ते ऐक. शू झियोंग नावाचा कायद्याचा अभ्यासक. त्याच्या चळवळीची एक मोठी मागणी होती की अधिकाऱ्यांनी आपली मालमत्ता जाहीर करावी. २०१४ च्या जानेवारीत त्याला चार वर्षं, सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवली म्हणून. सुटल्यावर त्याने पुन्हा माणसं जमवली, शी जिनपिंग यांनी पायउतार व्हावं असं लिहिलं. २०२३ मध्ये राजसत्ता उलथवण्याचा आरोप ठेवून त्याला दिलेली वर्षं किती, तर चौदा. घड्याळवाल्याइतकीच. मला हा आकडा पहिल्यांदा कळला त्या रात्री झोप आली नाही.

वकीलताई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "आणि पकडतात कसं तेही बघा. २०१८ पासून तिथल्या पर्यवेक्षण आयोगाला माणूस सहा महिन्यांपर्यंत, आणि २०२५ पासून काही प्रकरणांत त्याहूनही जास्त, डांबून ठेवता येतो, वकील भेटू न देता. माझा अशील खरोखर चोर असला तरी मी हे चालवून घेणार नाही." पकडणारेही त्याच पक्षाचे. झोऊची चौकशी करणारा फू झेंगहुआ पुढे न्यायमंत्री झाला आणि २०२२ मध्ये लाचखोरीसाठी त्यालाच स्थगित मृत्युदंड झाला. पक्षाच्या शिस्त आयोगाने २०२३ मध्ये ६ लाख १० हजार लोकांना शिक्षा केल्या, २०२४ मध्ये ८ लाख ८९ हजार. बारा वर्षं वाघ मारल्यावर हा आकडा खाली यायला हवा होता.

शेठ खवळला. "आणि तुमचा माहिती अधिकार? तळेगावच्या सतीश शेट्टींना २०१० मध्ये सकाळी फिरायला गेले असताना भर रस्त्यात मारलं. विचारणाऱ्याची किंमत इथे तरी काय आहे?"

चहा तसाच राहिला. हे खोडून काढता येत नाही आणि मला काढायचंही नाही. मी इतकंच म्हणालो की शेट्टींना मारणाऱ्यांना तोंड लपवून यावं लागलं. शू झियोंगला कोर्टाने शिक्का मारून आत टाकलं. तिथे विचारणं हाच गुन्हा आहे. आपल्याकडे अजून तो हक्क आहे, निवडणुकीच्या उमेदवाराला घर, जमीन, सोनं प्रतिज्ञापत्रात लिहून द्यावं लागतं आणि ते कुणालाही वाचता येतं. "खोटं लिहितात," शेठ म्हणाला. लिहितात. पण ते खोटं कागदावर असतं, आणि आप्पांसारखा माणूस तो कागद घेऊन बसतो.

आप्पांनी खरंच पिशवीतून कागद काढला. आमच्या गल्लीतला काँक्रीट रस्ता पहिल्याच पावसात उखडला, त्याच्या एमबीची, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहितात त्या सरकारी वहीची, नक्कल त्यांनी माहिती अधिकारात मागितली होती. तीस दिवस उलटले तरी संबंधित कार्यालयाने दिली नाही. त्यांनी पहिलं अपील टाकलंय.

शेठने तो कागद दोनदा वाचला. "जाडी किती लिहिली असेल हो त्यांनी?"

"आठ इंच असणार. मी फूटपट्टी लावून बघितली, पाच भरतं."

"सुनावणी कधी आहे?"

"मंगळवारी, अकरा वाजता."

"दुकान पोरावर सोडतो," शेठ म्हणाला. "येतो मी. फूटपट्टी नको, दुकानातला टेप घेऊन येतो."