‘मोबाइलवरचा डॉक्टर बंद करा’ म्हणणाऱ्यांना

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला: शाळेच्या बॅचच्या, सोसायटीच्या आणि चक्क डॉक्टरांच्या. मजकूर थोडक्यात असा: “गावात डॉक्टर देता येत नाही म्हणून सरकार उपकेंद्रात मोबाइलवर डॉक्टर दाखवतं. ही कोविडची सोय होती, कोविड संपला. हात न लावता तपासणी होत नसते. गावच्या म्हातारीकडे स्मार्टफोन नाही. फोनवरची चिठ्ठी कायद्यात बसत नाही. हे नाटक बंद करा आणि त्या पैशात डॉक्टर नेमा. पटलं तर पुढे पाठवा.”

लोकांना पटलेलं दिसतंय, कारण तो फिरतोच आहे.

मी फिजिशियन. मेसेजातला ‘मोबाइलवरचा डॉक्टर’ म्हणजे सरकारची ई-संजीवनी सेवा. सरकारी नोकरीत असताना आठवड्यातले दोन दिवस तिच्या हबवर, म्हणजे उपकेंद्रांतले कॉल डॉक्टर जिथे बसून घेतात तिथे, माझी पाळी असायची. म्हणजे मी तिऱ्हाईत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मेसेज लिहिणाऱ्याचा राग मला कळतो. उपकेंद्राला कुलूप बघून परत फिरलेल्या कुणालाही तो कळेल. पण राग खरा म्हणून त्यातली विधानं खरी ठरत नाहीत.

सुरुवात कोविडपासून. आरोग्य केंद्रातून डॉक्टरला जोडणारी ई-संजीवनी सुरू झाली नोव्हेंबर २०१९ मध्ये. तेव्हा कोरोना हा शब्द आपल्याकडे कुणाच्या तोंडी नव्हता. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने ती तयार केली. टाळेबंदीत, १३ एप्रिल २०२० ला, जी आली ती तिची दुसरी शाखा: घरबसल्या आपल्या फोनवरून डॉक्टरला दाखवायची ओपीडी. मेसेजवाल्याने या दोन्हींची सरमिसळ केली आहे, आणि पुढचे बहुतेक गोंधळ त्यातूनच निघतात. सप्टेंबर २०२१ मध्ये ई-संजीवनीवरचे सल्ले सव्वा कोटीच्या आसपास होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी दहा कोटींचा टप्पा ओलांडला. म्हणजे मास्क उतरले, दवाखाने उघडले आणि त्यानंतर आकडा फुगला. साथीपुरती सोय असती तर उलटं व्हायला हवं होतं.

आणखी मागं जायचं तर गोव्यात जा. २०१८ मध्ये तिथे हृदयविकाराच्या झटक्यासाठी योजना आली. आरोग्य केंद्रात ईसीजी काढायचा, तो दूर बसलेल्या डॉक्टरने काही मिनिटांत वाचायचा, आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे देऊन पेशंटला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला पाठवायचं. त्याही आधी, दोन हजारच्या दशकात, इस्रोच्या उपग्रहावरून मोठी रुग्णालयं जिल्ह्यांना जोडायचे प्रयोग देशभर झाले. त्यातली कित्येक केंद्रं पुढे धूळ खात पडली. मेसेजवाल्याने हे उदाहरण दिलं असतं तर मला उत्तर देणं जड गेलं असतं. पण त्यातून निघणारा धडा वेगळा आहे, त्याकडे शेवटी येतो.

“हात न लावता तपासणी होत नसते.” अर्धं मान्य. दुखणारं पोट दाबून बघावं लागतं. बाळंतिणीला रक्तस्राव होत असेल, तान्ह्या मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर पडद्यासमोर बसवून वेळ घालवणं हा गुन्हाच. तिथे १०८ बोलवायची. पण हबवर दिवसभर माझ्यासमोर काय यायचं? ब्लड प्रेशर, साखर, दमा, मिरगीच्या गोळ्या संपत आलेला पोरगा, कंबरदुखी. आणि नायटा, ढीगभर नायटा. मेडिकलमधून सांगोवांगी आणलेलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावून तो मांडीवरून पोटापर्यंत पसरलेला असायचा. असल्या नायट्यात निम्मं काम ते मलम ओळखून बंद करायचं असतं. ट्यूब कॅमेऱ्यासमोर धरली की नाव वाचता येतं.

शिवाय हात लागतो. तो माझा नसतो, एवढंच. पेशंटशेजारी उपकेंद्राचा समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, बसलेला असतो. आपल्याकडे हे बहुतेक बीएएमएस किंवा नर्सिंग झालेले, वर सहा महिन्यांचा खास अभ्यासक्रम केलेले. बीपी तो बघतो, साखर आणि हिमोग्लोबिन तो करतो, छातीला स्टेथोस्कोप तो लावतो. एकदा एका आजींच्या गुडघेदुखीवर मी गोळी लिहीतच होतो, तेवढ्यात पलीकडची सीएचओ म्हणाली, “सर, थांबा. पायावर बोट दाबलं की खळगा राहतोय, आणि आजी म्हणतायत रात्री आडवं झालं की धाप लागते.” गुडघा राहिला बाजूला. आजींना त्याच दिवशी जिल्ह्याला पाठवलं. मला पडद्यावर फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. ते बोट नसतं तर मी वेदनाशामक लिहून मोकळा झालो असतो, आणि हृदय कमकुवत झालेल्या माणसाला त्या गोळीने काय होतं ते मेडिकलच्या दुसऱ्या वर्षातल्या पोरालाही ठाऊक असतं.

बीपीचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण खरा हिशोब तिथे आहे. बीपीच्या पेशंटला दर महिन्याला हात लावायला फिजिशियन लागत नाही. लागते गोळी, न चुकता. उच्च रक्तदाबावरच्या राष्ट्रीय उपक्रमाची सुरुवात आपल्या राज्यात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांत झाली. त्याचं सूत्र अगदी साधं होतं: ठरलेली मोजकी औषधं, एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या, आणि जो आला नाही त्याला फोन. आता डोंगरातल्या पाड्यावरची बाई तालुक्याला निघते तेव्हा काय जातं ते मोजा. वडापचं जाता-येता भाडं, दिवसाची बुडालेली मजुरी, बरोबर येणाऱ्या माणसाचीही मजुरी. एवढं करून तिला मिळणार काय, तर दोन मिनिटं आणि तीच चिठ्ठी. दोन महिने ती हे करते. तिसऱ्या महिन्यात “आता बरं वाटतंय” म्हणून गोळी थांबते. पुढे एक दिवस तोंड वाकडं होतं, आणि तेव्हा मात्र सगळे हात लावायला धावतात.

“म्हातारीकडे स्मार्टफोन नाही.” बरोबर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची फेरी सांगते की ग्रामीण भारतातल्या जेमतेम २४.६ टक्के बायकांनी आयुष्यात कधी इंटरनेट वापरलं होतं. घरच्या फोनवर आरोग्यसेवा पोचवू म्हणणाऱ्या खासगी ॲपवाल्यांच्या तोंडावर हा आकडा जरूर मारा. पण उपकेंद्रातल्या सेवेविरुद्ध तो वापरता येत नाही, कारण ती सेवा याच अडचणीवरचा उपाय आहे. फोन सीएचओचा, नेट केंद्राचं, लॉगिनची कटकट त्याची. म्हातारीने फक्त खुर्चीत बसायचं. दहा कोटींचा टप्पा जाहीर झाला तेव्हा सेवा घेणाऱ्यांत बायका ५७ टक्क्यांहून जास्त होत्या. ज्यांच्या हातात फोन कमी, त्याच जास्त आल्या. हे मेसेजात कुठे बसवायचं?

मनाच्या आजारांसाठी तर व्हिडिओही लागत नाही. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६. साध्या बटणांच्या फोनवरून लागतो, मराठीत बोलता येतं. कर्जाच्या विचाराने झोप उडालेला माणूस तालुक्याच्या मानसोपचार ओपीडीबाहेर चारचौघांत बसणार नाही, पण बांधावर उभा राहून फोन करू शकतो.

इथे मात्र एक खरी खोट आहे, आणि मेसेजवाल्याला ती दिसलेलीच नाही. उपकेंद्राची खोली एक, दार उघडं, बाकावर चार ओळखीची माणसं. एकदा नव्यानेच लग्न झालेली एक मुलगी पडद्यावर होती. झोप नाही, जेवण जात नाही. मी सरळ विचारलं, “घरी काही त्रास आहे का?” ती गप्प. मग कॅमेऱ्याबाहेरून बाईचा आवाज आला, “कसला त्रास डॉक्टर, लेकीसारखी ठेवलीय.” सासू तिथेच होती. खोलीत कोण आहे हे आधी विचारायचं, एवढी साधी गोष्ट मी केली नव्हती. ती मुलगी पुन्हा आली नाही. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न “काय होतंय” हा नसायचा, “बरोबर कोण आहे” हा असायचा. पण माझी सवय म्हणजे व्यवस्था नव्हे. आडोशाला एक कापडी पडदा, एक हेडफोन आणि बाकीच्यांना पाच मिनिटं बाहेर बसवायचा नियम, एवढ्याने भागेल. खर्च किती, तो हिशोब तुम्हीच करा.

कायद्याचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो, तरी जरा जास्त लिहितो. २०१८ मध्ये कोकणातल्या एका बाळंतिणीच्या मृत्यूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. डॉक्टर गावाबाहेर होते आणि उपचार फोनवरून सांगितले गेले होते. तेव्हापासून फोनवर औषध सांगायला आम्ही सगळेच घाबरायचो. मेसेजातली भीती बहुधा तिथूनच आली असावी. पण २५ मार्च २०२० ला केंद्राची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि कुठलं औषध कसं लिहायचं याच्या याद्या ठरल्या: काही कुठल्याही माध्यमातून, काही पहिल्या भेटीत फक्त व्हिडिओवर, काही केवळ आधी पाहिलेल्या पेशंटला, आणि गुंगीची, नशेची औषधं अजिबात नाही. नोंदणीकृत डॉक्टरने या चौकटीत लिहिलेली चिठ्ठी कायदेशीर आहे.

आता “त्या पैशात डॉक्टर नेमा.” टाळ्या याच वाक्याला पडतात.

कुठल्या पैशात? सॉफ्टवेअर सरकारी संस्थेचं आहे. हबवर बसणारे बहुतेक डॉक्टर आधीच सरकारी पगारावर आहेत. उपकेंद्रातला टॅब विकून त्वचारोगतज्ज्ञ येत नाही. आणि कुठला डॉक्टर? प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एमबीबीएसच्या रिकाम्या जागा भरल्याच पाहिजेत, त्याला माझी ना नाही. पण पाचेक हजार वस्तीच्या उपकेंद्राला मानसोपचारतज्ज्ञ सहसा कुठलाच देश देत नाही. त्याला पोचायचे दोन रस्ते: बाईने जायचं किंवा पडद्यावर भेटायचं.

ही सेवा बंद पाडायला खरं तर मेसेजची गरजच नाही. ती आपोआप बंद पडेल, कारण ज्या माणसावर ती उभी आहे त्याच्याकडे कुणी बघत नाही. इस्रोच्या काळात नेमकं हेच झालं. यंत्रं आली, फीत कापली, पण यंत्रासमोर रोज बसणाऱ्या माणसाच्या पगाराची कायमची तजवीज झाली नाही. आज तो माणूस म्हणजे सीएचओ, आणि तो कंत्राटी आहे. मानधनाचा एक भाग ठरलेला, एक भाग कामाचे आकडे दाखवल्यावर. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यभरातले राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी सेवेत कायम करा म्हणून बेमुदत संपावर गेले. पेशंटशेजारचा माणूसच जागेवर नसेल तर पलीकडे डॉक्टर कितीही हुशार बसलेला असो, त्याचा उपयोग शून्य.

डॉक्टरच्या बाजूलाही तेच. माझी हबची पाळी ओपीडीऐवजी नव्हती, ओपीडी सांभाळून वर होती. रांगेत पंधरा-वीस नावं, आणि तेवढ्यात वॉर्डातून निरोप: सर्पदंश आलाय. मी उठलो. तिकडे कुठल्या तरी पाड्यावर पंधरा-वीस माणसं गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसली असणार. दोनदा असं झालं की माणूस तिसऱ्यांदा येत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

आकड्यांचंही बोलायला हवं. केंद्रामागे रोजचे इतके कॉल झालेच पाहिजेत असं टार्गेट आलं की कॉल होतात. सर्दीचे होतात, एका मिनिटाचे होतात, महिनाअखेरीला जरा जास्तच होतात. ही सेवा चालवणाऱ्यांनी कोटींच्या जाहिराती करण्याऐवजी दोन गोष्टी मोजल्या असत्या तर बरं झालं असतं: लिहिलेलं औषध त्याच दिवशी हातात पडलं का, आणि तोच पेशंट पुढच्या महिन्यात परत आला का. मी अम्लोडिपिन, म्हणजे बीपीची गोळी, लिहायची आणि पलीकडून सीएचओने हळूच म्हणायचं, “सर, स्टॉक संपलाय, बाहेरून आणायला सांगू?” बाहेर म्हणजे तालुका. मग ती बाई विचारणारच, तालुक्यालाच जायचं तर इथे कशाला आले? या एका प्रश्नापुरता मेसेजवाला बरोबर ठरतो. पण त्यावर इलाज कपाटात गोळ्या ठेवणं हा आहे. पडदा फोडून काय मिळणार?

शाळेच्या ग्रुपवर हे सगळं एवढं लांबलचक लिहिलं नाही. ज्याने मेसेज टाकला होता त्याला फोन केला. तो पुण्यात असतो, घर गावाला, महिन्यातून एकदा चक्कर. म्हटलं, तुमच्या उपकेंद्राची जन आरोग्य समिती आहे, अध्यक्ष सरपंच असतात, सचिव सीएचओ. पुढच्या बैठकीला जा आणि तीनच गोष्टी विचार: सीएचओची जागा भरलेली आहे का, बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या आहेत का, आणि हबवर फोन लावल्यावर डॉक्टर किती वेळात येतो. तो म्हणाला, “समिती आहे हेच मला माहीत नव्हतं.” बैठक कधी असते, तेही त्याने विचारलं. म्हटलं, ते सीएचओला विचार, उपकेंद्रात भेटेल. आणि नाही भेटला, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं.