214 खून बाकी

परवा पावसात लाईट गेली, करायला काहीच नव्हतं म्हणून ई-रीडर काढला आणि पहिल्यांदाच बसून मोजलं, न वाचलेली पुस्तकं 214. जवळजवळ सगळी डिटेक्टिव्ह. म्हणजे दोनशेक मुडदे माझी वाट बघत पडलेत आणि मी आपला पुढचा सेल कधी लागतो ते बघतोय. महिन्याला एक धरलं तरी 18 वर्षं. कागदाची असती तर कपाट भरलं असतं, गोव्याच्या पावसात बुरशी धरली असती, घरात भांडण झालं असतं. ह्याला वजन नाही, वास नाही, पाप दिसतच नाही!

त्यात मालिकांची कटकट वेगळी. स्वस्तात मिळाला म्हणून एकदा सातवा भाग आधी घेतला, तर त्यातला इन्स्पेक्टर बिअर पिता पिता सहज बोलून जातो की तिसऱ्या भागातला खून डॉक्टरनं केला होता. तिसरा भाग माझ्याकडे आहे, न वाचलेला. तेव्हापासून ठरवलं, सगळं क्रमानं. मग अगाथा ख्रिस्तीचा पॉयरो घेतला, तर 33 कादंबऱ्या, पहिली 1920 ची, शेवटची 1975 ची, कथा वेगळ्याच. होम्स त्या मानानं सज्जन, 4 कादंबऱ्या नि 56 कथा. आमच्या बाबांनी बाबुराव अर्नाळकर वाचले, त्यांच्या तर हजारावर रहस्यकथा, पण बाबांचं कधी काही तुंबलं नाही, कारण लायब्ररीवाला पुस्तक परत मागायचा. मला कोण मागतंय?

वाचायला वेळ म्हणजे फेरीबोटीतला. घर चोडणला, ऑफिस पणजीत. डिटेक्टिव्ह सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो, घसा खाकरतो, "खुनी याच खोलीत आहे" म्हणतो आणि धाडकन रायबंदर येतं. मागे सगळ्या स्कूटर एकदम चालू, कुणीतरी ओरडतं "बाब, फुडें सर मरे!" संध्याकाळी परत उघडेपर्यंत कर्नल कोण आणि मेजर कोण तेच विसरलेलं असतं, की चाललो मागे 62 टक्क्यांवर. आता रो-रो बोट आलीय, ती तर आणखी लवकर पोचवते. लोक खूश आहेत, असोत बापडे.

तर परवा, अंधारातच, एक नवीन कोरं पुस्तक उघडलं. 41 टक्क्यांवरच माझ्या लक्षात आलं, माळी! बुटांना चिखल नाही म्हणजे नाही, पाऊस पडलेला असताना! मी उठून स्वयंपाकघरात गेलो, बायको मेणबत्तीच्या उजेडात नारळ खवत होती, तिला सगळं सविस्तर सांगितलं. ती फक्त "हो का" म्हणाली, जरा विचित्रच आवाजात.

तेवढ्यात लाईट आली, वायफाय आला, आणि त्या पुस्तकाला माझ्या जुन्या अकाउंटवरच्या खुणा येऊन चिकटल्या. 41 टक्के, पिवळी रेघ, खाली माझीच नोट: "माळीच. हिला जाऊन सांगितलं."