शेवटच्या दीड मीटरचा साक्षात्कार

आज सकाळी सकाळी मावसभावाने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. स्पीकरच्या वायरींखाली ठेवायचे चिनीमातीचे छोटे छोटे ठोकळे. वायर जमिनीला टेकली की आवाज 'मळतो' म्हणे! किंमत त्याने ग्रुपवर सांगितलेली नाही. वहिनीलाही सांगितलेली नसणार. माझं मात्र चहाच्या आधीच डोकं फिरलं.

या दादाने मागे एक पॉवर केबल घेतली होती. हो, पॉवर केबल. भिंतीतल्या सॉकेटपासून अँप्लिफायरपर्यंत जाते ती. मनगटाएवढी जाड. मला मुद्दाम बोलावून ऐकवली. आधी जुनी लावून एक गाणं, मग नवी लावून तेच गाणं. "कळलं? शांतता कशी काळीभोर झाली!" मला काहीही कळलं नाही. म्हटलं, "दादा, तू पाठ करून बस, मी केबल बदलते, तू नुसतं सांग कुठली लावलीय." चेहराच पडला त्याचा. म्हणे, असल्या ताणाखाली कान मोकळे राहत नाहीत. कान आहेत की परीक्षेला बसलेलं पोर?

अरे, ती वीज विद्युतकेंद्रापासून किती किलोमीटर साध्या तारांतून, ट्रान्सफॉर्मरांतून, भिंतीतल्या वायरींतून आलेली असते. शेवटच्या दीड मीटरमध्ये तिला असा कोणता साक्षात्कार होतो? नेटवर्क केबलची तर त्याहून कमाल. तीच केबल, जिच्यातून तुमचे बँकेचे व्यवहार एक आकडाही न चुकता जातात, ती म्हणे गाण्याला 'ऊब' देते. शून्य आणि एकला ऊब!

दादावर मी चिडत नाही, विकणाऱ्यांवर चिडते. दोन वस्तूंपैकी एक किंचित मोठ्याने वाजवली की तीच चांगली वाटते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. 'शेकडो तास वाजू द्या, मग खुलेल' हे तर फारच सोयीचं. तोवर परत करायची मुदत संपलेली असते आणि कान त्या आवाजाला सरावलेले असतात.

आणि हे 'सोनेरी कान' प्रकरण, म्हणजे इतरांना न कळणारा फरक आपल्याला कळतो म्हणणारे. 2022 मध्ये मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचं बिंग फुटलं, आठवतंय? महागड्या रेकॉर्ड, शुद्ध अ‍ॅनालॉग (आवाज कुठेही आकड्यांत न बदललेला) म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलेल्या. निघालं काय, तर मध्ये डिजिटल पायरी होती, आणि ती कित्येक वर्षं होती. 'डिजिटल मला लगेच कळतं, थंड वाटतं' म्हणणाऱ्यांपैकी कुणालाही ती ऐकू आली नव्हती. त्याआधी 2007 मध्ये मेयर आणि मोरान या दोन अभ्यासकांनी लोकांना, कुठलं कुठलं ते न सांगता, भारी रेकॉर्डिंग थेट आणि साध्या सीडीच्या दर्जावर उतरवून, असं दोन्ही ऐकवलं. 554 वेळा. बरोबर उत्तरं 49.8 टक्के. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. सीडी 1982 ची, सेकंदाला आवाजाची 44,100 मोजमापं घेणारी, म्हणजे 22 किलोहर्ट्झपर्यंतचे सूर तिच्यात मावतात. माणसाचा कान 20 किलोहर्ट्झपर्यंत, तोही तरुणपणी. आमचा दादा पन्नाशीचा आहे.

बरं, मान्य. स्पीकर-स्पीकरमध्ये फरक असतो. लांबच्या अंतराला फार बारीक वायर चालत नाही. झालं? पुढे.

दादाचा हुकमी पुरावा एकच. "तुझ्या वहिनीला विचार, स्वयंपाकघरातून तिला फरक कळला!" या छंदातल्या सगळ्या पुरुषांच्या बायका कायम स्वयंपाकघरातच असतात आणि त्यांना भिंतीपलीकडून पॉवर केबल ऐकू येते, हे एक वेगळंच. तर मी विचारलं वहिनीला. ती म्हणाली, "अगं, छान वाटलं म्हणाले मी. तेव्हाच मिक्सर बंद केला होता ना."

हे मी दादाला अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही, खरं सांगायचं तर. कारण तो माणूस ऑफिसातून येतो, फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो आणि तासभर नुसता ऐकतो. मध्ये उठत नाही, गाणं पुढे ढकलत नाही. त्या केबलच्या दिवशीही, माझ्याशी वाद घालून झाल्यावर, तेच गाणं तिसऱ्यांदा लावून डोळे मिटून बसला होता आणि मी समोर आहे हेही विसरला होता. आपल्यात कोण ऐकतं असं? मी तर भांडी घासताना ऐकते.

म्हणून तर जीव तुटतो. एवढ्या मनापासून ऐकणाऱ्याला तारा कसल्या विकता रे? त्याच्या खोलीत गुळगुळीत फरशी, एका बाजूला अख्खी काच, भिंती उघड्या. टाळी वाजवली तर ती परत येते. सगळा घोळ तिथे आहे. मी म्हटलं, "दादा, एक जाड गालिचा टाक, काचेला पडदा लाव, स्पीकर भिंतीपासून जरा पुढे घे. आवाज बदललेला मलासुद्धा कळेल."

तर म्हणतो कसा, "छे! खोलीचा लूक जाईल."