पुन्हा या बघू

गेल्या शनिवारी मला एका माणसाने सायकलची घंटी वाजवायला शिकवली. माझं वय 51.

स्थळ लंडन, रीजंट्स कॅनॉल. पुलाचं नाव कॅट अँड मटन. मांजर आणि मटण. या नावात गंमत आहे असं मला शनिवारपर्यंत वाटायचं.

आपल्याकडे 1818 साली पेशवाई बुडाली आणि इकडे 1820 मध्ये पॅडिंग्टनपासून लाइमहाउसपर्यंत हा कालवा पुरा झाला. साहेब दोन्हीकडे कामात होता. ज्या टॉमस होमरच्या डोक्यातून कालव्याची कल्पना निघाली, त्यानेच 1815 साली कंपनीचे पैसे खाल्ले. हे वाचलं तेव्हा मला या देशात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. तर तेव्हा मालाच्या नावा घोडे ओढायचे, आणि घोड्याला चालायला काठाने ही अरुंद वाट. आता घोडे गेले. आलेत धावणारे, बाबागाड्या, एका माणसामागे तीन कुत्री, विजेच्या सायकली आणि मी. पुलाखाली वाट आणखी आक्रसते. एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला पाणी, पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून मी दर पुलाआधी घंटी वाजवतो. शनिवारीही वाजवली. इथपर्यंत माझी चूक कुणी दाखवून द्यावी.

पुलातून बाहेर आलो तर आवाज आला, "माफ करा, जरा त्रास देऊ का?"

इंग्रज माणसाने माफी मागून सुरुवात केली की समजावं, आपली हजामत ठरलेली आहे.

काठाला एक नॅरोबोट बांधलेली. रुंदीला जेमतेम सात फूट, लांबीला एसटीपेक्षा जास्त. टपावर कोळशाची पोती, सरपण, कुंड्या आणि एक गंजून मेलेली सायकल. कायमचा धक्का नसेल तर या लोकांना चौदा दिवसांच्या वर एका जागी राहता येत नाही. बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते इथे पाण्यावर. या बिऱ्हाडाचा मालक घडीच्या खुर्चीवर बसलेला. वय सत्तरीचं. पायात लोकरी मोजे, एक निळा, एक करडा. हातात चहाचा मग, आणि विजारीच्या गुडघ्यावर चहाचा ताजा डाग.

"ती घंटी माझ्यासाठी होती का?"

"नाही हो. पुलापलीकडून कोणी येत असेल म्हणून वाजवली."

"पण ऐकली मी," तो म्हणाला, आणि गुडघ्याकडे बघितलं. मीही बघितलं. डागाकडे दोघंही काही वेळ बघत राहिलो.

"मग वाजवायची नाही का?"

"न वाजवता येणं म्हणजे तर शुद्ध उद्धटपणा."

"म्हणजे वाजवायची."

"अर्थात. पण अशी नाही."

त्याने मगातला चमचा काढून झटकला आणि मगाच्या काठावर हलकेच मारला. टिंग. डोळे मिटले. श्वास घेतला, सोडला. पुन्हा टिंग. "पहिली म्हणजे, मी येतोय. दुसरी म्हणजे, तुमचं चालू द्या सावकाश, मला घाई नाही. तुमची एकच होती. आणि ती म्हणत होती, हो बाजूला."

माझी घंटी नऊ पौंडांची. तिला इतकं बोलता येतं हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं.

"या बघू पुन्हा," तो म्हणाला. "पुलाच्या पलीकडून."

आणि मी गेलो. हे लिहितानाही कानशिलं तापतायत, पण गेलो. शाळेत न विचारता वर्गात शिरलो की बाई म्हणायच्या, बाहेर जा आणि विचारून आत ये. पुढे सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर चार वर्षं काढली, तिथे मालकीणबाई रोज रात्री खिडकीतून म्हणायच्या, "कडी लावा. अहं, तशी नाही." या दोन बायकांनी माझे पाय असे तयार केले आहेत की 'पुन्हा' म्हटलं की ते आपोआप मागे वळतात. डोकं नंतर येतं.

पलीकडे सायकल वळवताना मला घोड्यांचा हेवा वाटला. इझलिंग्टनला याच कालव्यावर 878 मीटरचा बोगदा आहे आणि आत वाटच नाही. तिथे घोड्याला सोडून टेकडीवरून मोकळं चालवत न्यायचे, आणि माणसं नावेत उताणी पडून भिंतींना पाय लावून नाव ढकलायची. कॅम्डनकडे रेल्वे आली तेव्हा आवाजाने बिथरून घोडे पाण्यात पडायचे, तर त्यांना चालत वर येता यावं म्हणून काठाला उतार बांधले. अजून दिसतात. पडलेल्या घोड्याचा एवढा विचार केलेला. त्याला कुणी पुलापलीकडून पुन्हा यायला लावलं नसणार.

टिंग. श्वास. टिंग. आलो.

"बरी होती. दुसरी जरा रागात वाटली."

होतीच रागात! पण हा माणूस कान आहे की काय? "एकदाच आता," तो म्हणाला, आणि मी तिसऱ्यांदा पुलाखाली गेलो. तिथून निघणार तेवढ्यात मागून विजेच्या दोन जाड टायरच्या सायकली सूंऽऽ करत माझ्या कोपराला घासून गेल्या. घंटी नाही, ब्रेक नाही, एकाच्या हातात मोबाइल. म्हाताऱ्याने काय केलं? मोजे आत ओढून घेतले, ते गेल्यावर परत बाहेर काढले. बस्स.

मी घंटी न वाजवताच त्याच्यापाशी गेलो. "यांना का नाही बोललात?"

"ते थांबत नाहीत हो," तो अगदी सहज म्हणाला.

खरंय. मी थांबतो. विमानतळावर 'रँडम' तपासणीला दर वेळी मीच कसा सापडतो, याचं उत्तर मला वाटायचं कातडीत आहे. थोडं आहेच, उगाच खोटं कशाला बोला. पण उरलेलं माझ्या ब्रेकमध्ये आहे. कुणी नुसती मान वर केली तरी मी एक पाय खाली टेकतो. अठरा वर्षं कर भरतो या गावात, आणि मोज्यांची जोडी न जुळणाऱ्या माणसापुढे माझी घंटीची तोंडी परीक्षा!

हे सगळं त्याला सुनवायला मी तोंड उघडलं, तर त्याने डबा पुढे केला. "आल्याचं बिस्किट?"

घरी आल्यावर सगळं सांगितलं. बायको शांतपणे कोथिंबीर निवडत होती.

"तिसऱ्यांदाही गेलास?"

"हो."

"आणि बिस्किट?"

"दोन."

तिने पेपरावरचे देठ गोळा केले. "मग चांगली असणार," म्हणाली.

होती. तोच तर राग आहे.